जिनिंगसाठी लेन्स निवडताना

अक्कांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला, श्वास कोंडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. लेन्स पुढे सरकली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. जिनिंगच्या खडखडाटात तिची घरघर ऐकू येणं शक्य नव्हतं, पण बोटांना ती कळत होती. समोरचं चित्र धूसर होतं, मग आणखी धूसर झालं. तेवढ्यात अक्कांचा श्वास संपला. त्यांनी हवा ओढली, हवेबरोबर कापूस ओढला, आणि खोकत खोकत त्या ढिगावरच बसल्या.

"तुना कॅमेरा झोपी गया का वं?" रुमाल वर घेत त्यांनी विचारलं. शेजारच्या बाया हसल्या. मला हसू आलं नाही.

धरणगावच्या वाटेवरची ही जिनिंग. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांची लांब रांग आणि प्रत्येक यंत्रापुढे कापूस लोटत उभी असलेली एक बाई. हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगत असतात, म्हणून प्रत्येकीच्या तोंडाला रुमाल. जिनिंगचं दर वर्षी कॅलेंडर निघतं. त्यावर यंत्रं असतात, गाठी असतात, मालकांचं कुटुंब असतं. एखाद्या वर्षी बायाही असतात, पण नुसते रुमाल आणि डोळे. कोण कोणती हे त्यांना स्वतःलाही ओळखता येत नाही.

अक्कांचा हा शेवटचा हंगाम होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं होतं, पुढच्या दिवाळीनंतर कापसाकडे फिरकायचं नाही. त्यांना जाण्याआधी एक फोटो हवा होता. स्वतःचा, कामावरचा, तोंड दिसणारा. मी म्हटलं, बाहेर लिंबाखाली काढू, उजेड चांगला आहे.

"बाहेर तं कोनीबी काढस. माले मशीनजोडे जोयजे."

मग म्हटलं, यंत्राजवळच हवा तर जेवणाच्या सुट्टीत काढू, यंत्रं बंद असतात, कापूस खाली बसतो.

"बंद मशीनजोडे उभी राहिसन काय दाखाडू? मी काम करस, ते दिखाले जोयजे."

त्यांचं बरोबर होतं. माझे वडील जळगावात हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. पत्रकांच्या घड्या घालता घालता मी अक्षरं ओळखायला शिकले. मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले आणि 'कष्टकरी जनता' असं काही लिहिलं की वडील कागद परत करायचे. "कोण जनता? कुठे उभी आहे? तिच्या हातात काय आहे?" हे ज्या घरात रोज ऐकलं, त्या घरातल्या मुलीने एका बाईला बंद यंत्रापुढे उभं करून फोटो काढायचा, हे जमणारं नव्हतं.

पण अक्कांची छाती माझ्या तत्त्वांवर चालत नव्हती. रुमाल पुन्हा काढायचा तर एकदाच, आणि त्या एका श्वासात फोटो मिळायलाच हवा होता. मी मॅनेजरांना म्हटलं, आणखी एकच फोटो काढू द्या. ते म्हणाले, "ताई, हंगाम संपायच्या दिवशी या एकदा. पण यंत्र थांबणार नाही हां. आणि परत बाई खोकली तर मी फोटोबिटो काही चालू देणार नाही." ते वाईट बोलले असं मला आजही वाटत नाही.

मी नेली होती ती झूम लेन्स आमच्या ग्रुपने निवडलेली होती. जळगावात आम्ही फोटो काढणारी हौशी मंडळी रविवारी सकाळी भेटतो. त्यातले एक दातांचे डॉक्टर लेन्सच्या बाबतीत शेवटचा शब्द समजले जातात. त्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं. समोर तिपाई, तिच्यावर कॅमेरा. प्रत्येक लेन्सने त्या पानाचा फोटो घ्यायचा, संगणकावर मोठा करायचा आणि चारी कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचता येतात का ते पाहायचं. ती झूम या परीक्षेत पहिली आली होती. कोपऱ्यातल्या टेंडर नोटिशीचा मजकूरसुद्धा मी त्यात वाचला होता.

मी त्यांना जिनिंगमध्ये घडलेलं सांगितलं.

"सेटिंग चुकलं असेल तुमचं," डॉक्टर म्हणाले. "लेन्स पास आहे."

"भिंतीच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे काही नसतं, डॉक्टर. तिथे मधे कापूस उडतो. लेन्स बाईला सोडून कापूस धरते."

"मग आणखी महाग घ्या. फोकस जास्त वेगाने धरेल."

"वेगाने कापूसच धरेल."

"क्रांती करायला निघालेल्या माणसांना उपकरणांचं काही सांगू नये," ते बाकीच्यांना म्हणाले. सगळे हसले आणि चहा आला.

मी ठरवलं की परीक्षाच दुसरी घ्यायची. कापूस उडतो तिथे घ्यायची, पण अक्कांच्या छातीवर नाही. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर गाद्या भरून देणाऱ्या चाचांचं दुकान आहे. जुना कापूस पिंजायचं त्यांचं यंत्र पत्र्याच्या शेडमध्ये चालतं आणि शेड पांढरीफटक असते. मी घरातली एक चपटी झालेली गादी सायकलवर बांधून नेली आणि तीन लेन्स पिशवीत घेतल्या. ती झूम, लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राची पोर्ट्रेटची लेन्स, आणि धुळ्याच्या एका बंद होणाऱ्या स्टुडिओतून मी हौसेने आणलेली पन्नास मिलिमीटरची जुनी लेन्स. या जुन्या लेन्समध्ये मोटरच नाही. फोकस हाताने फिरवायचा. तिच्या कड्यावर अंतराचे आकडे कोरलेले आहेत.

"गादी भरायची की माझी शादी लावायची?" कॅमेरा पाहून चाचांनी विचारलं.

"दोन्ही होईल, चाचा. तुम्ही फक्त काम चालू ठेवा."

"एक सांगून ठेवतो. दाढी पांढरी दिसली तर तो कापूस आहे."

यंत्र सुरू झालं. झूमने चाचांचा चेहरा काही वेळा पकडला, पण बरेचदा माझ्या आणि त्यांच्या मधला एखादा तंतू पकडला. तो तंतू असा लख्ख यायचा की मोजून घ्यावा, आणि मागे चाचा म्हणजे एक तपकिरी ढग. पोर्ट्रेटची लेन्स महाग होती, तिने चूक जास्त वेगाने केली. दोन्हींचा ऑटोफोकस बंद करून हाताने फिरवून पाहिलं. त्यांची कडी किंचित हलवली तरी फोकस कुठच्या कुठे जात होता आणि कुठे थांबायचं हे कळायला कड्यावर एकही खूण नव्हती.

मग पन्नासची लावली. कडं दोन मीटरच्या आकड्यावर आणलं, लेन्सचं छिद्र थोडं लहान केलं, म्हणजे चेहरा दोन बोटं पुढेमागे झाला तरी चालेल. आता लेन्सने काही शोधायचंच नव्हतं. दोन मीटरवर जे असेल ते स्पष्ट येणार, मधे कितीही कापूस उडो. प्रश्न फक्त त्या दोन मीटरचा. मी तेवढी सुतळी कापली, एक टोक कॅमेऱ्याला बांधलं आणि दुसरं चाचांच्या गालापर्यंत नेलं.

"काय गं, वेसण घालतेस का मला?"

"हलू नका, चाचा."

"बैलाला पण एवढं बोलत नाहीत."

त्या दुपारचे फोटो मी घरी मोठे करून पाहिले. पन्नासच्या प्रत्येक फोटोत चाचा होते. तंतू होते, पण धुरकट पांढऱ्या ठिपक्यांसारखे, आणि त्यांच्या मागे डोळ्यांजवळच्या सुरकुत्या स्पष्ट. मी ते ग्रुपवर टाकले. डॉक्टरांचा निरोप लगेच आला: कोपरे मऊ आहेत.

मी लिहिलं, "कोपऱ्यात कोणी उभं नाही. बाई मधे उभी असणार आहे."

त्यांनी अंगठा पाठवला. तो होकार होता की रामराम, मला ठाऊक नाही. मी ठरवून टाकलं होतं. नंतरचे दिवस मी रोज चाचांकडे जाऊन बसले. सुतळी न लावता नजरेने दोन मीटर ओळखायचे, बटण दाबायचं, मग सुतळी लावून तपासायचं. आधी चुकत होतं, मग कमी चुकू लागलं. गादी केव्हाच भरून झाली होती. चाचा येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचे, "ही माझा पहारा करते."

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मी धरणगावच्या एसटीत बसले तेव्हा पिशवीत एकच लेन्स होती. झूम मुद्दाम घरी ठेवली. ती हाताशी असती तर ऐन वेळी मन कच्चं झालं असतं.

जिनिंगमध्ये कापूस संपत आला होता, पण यंत्रं तशीच खडखडत होती. मी अक्कांना सगळं समजावलं. आधी रुमालासकट दोन-तीन फोटो काढून उजेड पाहिला. सुतळीचं टोक त्यांच्या गालाला लावलं, माझ्या पायांजवळ जमिनीवर खडूने रेघ ओढली आणि सुतळी बाजूला केली.

"तुम्ही काम करत राहा. तुम्हाला वाटेल तेव्हा रुमाल काढा. मी तयार आहे."

"मंग झोपानं नही हां," त्या म्हणाल्या.

त्यांनी कापूस यंत्राकडे लोटला. पुन्हा लोटला. मी रेघेवर उभी राहून पाहत राहिले. मग एक हात कापसातच ठेवून दुसऱ्या हाताने त्यांनी रुमाल हनुवटीखाली घेतला आणि मान वळवली. मी बटण दाबलं. लेन्समध्ये काही सरकलं नाही, थांबलं नाही.

"झालं!" मी ओरडले.

रुमाल लगेच वर गेला. अक्का खोकल्या नाहीत. मॅनेजर दारात उभे होते.

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो अक्कांसमोर धरला. त्यांनी हात लुगड्याला पुसले आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हाई मीच शे ना?"

"तुम्हीच."

"आन हाई मशीन मनीच." त्यांनी बोट लावून आपलं यंत्र दाखवलं, जणू मला ते माहीत नव्हतं. मग मान वर करून त्यांनी रांगेतल्या दुसऱ्या बाईला हाक मारली. ती लाजत लाजत तिच्या यंत्रापाशीच थांबली.

मॅनेजर पुढे आले. "ताई, एकच फोटो म्हणाला होतात."

"मी म्हटलं होतं. बाकीच्यांना विचारलं नव्हतं," मी म्हणाले. "यंत्र थांबवत नाही मी. पण यांच्यापैकी जिला काढून घ्यायचा आहे, तिचा काढूनच जाईन."

ते घड्याळाकडे पाहत उभे राहिले. अक्का मात्र त्या बाईजवळ पोहोचल्यासुद्धा होत्या. त्यांनी सुतळीचं टोक तिच्या गालाला लावलं आणि दुसरं माझ्याकडे फेकलं.

"घाबरू नको. सास धर," त्या तिला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "आते काढ वं!"