खांबाचं पोट

"लांबून बघा, मग बोला," हे त्याचं पेटंट वाक्य. नवी इमारत दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई, एक डोळा मिटून मान जराशी कलती करी आणि तिथेच उभा राही. मागे टांगेवाला ओरडत असला तरी याचं लक्ष नसे. देवळात गेला तरी आधी खांब, मग देव. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याची चेष्टा जपून करा. आम्ही मनसोक्त केली.

लढाईच्या दिवसांत साताऱ्यात एका कंत्राटदाराच्या कचेरीत आम्ही दोघं नकाशे काढायला होतो. मी पोटासाठी आणि तो नाइलाजाने. मुंबईला वास्तुकला शिकून आलेला हा माणूस, आणि मालक त्याच्याकडून गुळाची गोदामं आणि गुरांचे गोठे काढून घेई. गोठ्याच्या नकाशातही तो कोपऱ्यात एखादा ग्रीक खांब रेखाटून ठेवी. मालक तो खोडरबराने पुसून टाकी आणि वर म्हणे, "म्हशीला हे कशाला?"

मुंबईत लढाईआधी एक बक्षीस होतं. ग्रीस आणि रोमच्या जुन्या इमारतींचा अभ्यास करायला एका तरुण वास्तुकाराला वर्षभर तिकडे पाठवत. लढाई सुरू झाली, बोटी बंद झाल्या आणि बक्षीसही बंद पडलं. लढाई संपायची वाट सगळेच पाहत होते. कुणी रॉकेलसाठी, कुणी फौजेत गेलेल्या पोरासाठी. हा एकटा रोमसाठी पाहत होता.

तयारी मात्र त्याने तेव्हापासूनच सुरू केली होती. आमच्या खानावळीत तो भाकरी-पिठलं काट्या-चमच्याने खाई. तिकडे गेल्यावर अडायला नको म्हणून. काटा भाकरीत शिरे, पण पिठल्यातून रिकामाच वर येई. खानावळीच्या मावशी कंबरेवर हात ठेवून बघत राहत.

"आवं सायेब, जेवताय का नांगरताय?"

"सवय करतोय, मावशी."

"करा बापडं. पर भाकरीला ठावं न्हाई तुमी कुठं निघालाय ते."

लढाई संपली आणि बक्षीस पुन्हा जाहीर झालं. याचं वय अटीच्या अगदी कडेवर आलेलं. यंदा नाही तर कधीच नाही. याने नकाशे पाठवले आणि ते निवडलेही गेले. शेवटी दोघंच उरले, एक मुंबईचा आणि एक हा. आता परीक्षक दोघांनी बांधलेली एकेक इमारत प्रत्यक्ष पाहून निकाल देणार होते.

याच्या नशिबाने तशी एक इमारत सांगलीत उभी राहत होती. हळदीचे एक व्यापारी होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. वडिलांच्या नावाने त्यांना सभागृह बांधायचं होतं. कचेरीत येऊन ते याला म्हणाले, "आमाला त्यातलं काय कळत न्हाई. तुमाला गोड वाटंल तसं बांधा." आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी असं म्हणत होतं. त्या दिवशी त्याने कचेरीत सगळ्यांना भजी खाऊ घातली.

सभागृहाच्या दर्शनी बाजूला त्याने चार उंच खांब घेतले. विटांचे, वर चुन्याचा गिलावा. त्या खांबांतच त्याचा सगळा जीव होता. मला त्याने कागदावर काढून समजावलं होतं. खांब अगदी सरळ ठेवला की लांबून तो मधोमध खंगल्यासारखा दिसतो. डोळाच तसा फसतो. म्हणून ग्रीक लोक खांबाच्या मधल्या भागाला जरासं पोट ठेवत. कुणाच्या ध्यानातही येणार नाही इतकं. मग तो सरळ आणि भरदार दिसतो. हे पोट गवंड्यांकडून काढून घेण्यासाठी त्याने स्वतः फळीचा साचा कापला आणि गिलावा होईपर्यंत तो बांबूच्या परांचीवर चढून बसला. खांब झाले. मी रस्त्यापलीकडे जाऊन पाहिले. खरं सांगतो, मला खांबांतलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मी बराच वेळ तिथून हललो नाही.

पुढे मालकाने त्याला कऱ्हाडच्या एका गोदामाला जुंपलं आणि सांगलीला फेरी मारायला सवड मिळेना. परीक्षक यायच्या दिवशीच आम्ही दोघं तिथे पोचलो. आप्पा फाटकाशी उभेच होते. नवं धोतर, डोक्याला जरीचा रुमाल, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद.

"या सायेब! एक काम तुमच्या माघारी आमीच उरकून टाकलं."

"कसलं काम, आप्पा?"

"आवं, रंगाच्या आधी गवंड्यानं सहज वळंब्याची दोरी सोडून बघितली, तर चारी खांबांची प्वाटं भाईर! म्हटलं, ममईचा सायेब येणार, त्येच्याम्होरं आमचा मानूस उणा पडाया नगं. समदा गिलावा खरडून नवा केला. आता लावा वळंबा. एका सुताचा फरक घावला तर माझं नाव बदला."

त्याने जवळ जाऊन खांबाला हात लावला. गिलावा अजून ओलसर होता. बराच वेळ त्याने हात काढला नाही. मग वळून म्हणाला, "फार मेहनत घेतलीत, आप्पा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, तोच त्याने माझं मनगट असं दाबलं की मी गप्प झालो.

परीक्षक आले. वयस्क, मितभाषी गृहस्थ. हातात याचेच नकाशे. त्यांनी खांब जवळून पाहिले, मग रस्ता ओलांडून पलीकडून पाहिले. रस्ता ओलांडणारा दुसरा माणूस मी तेवढाच पाहिला. परत येऊन त्यांनी विचारलं, "नकाशात तुम्ही खांबाला फुगवटा दाखवला आहे. इथे तो नाही. असं का?"

शेजारी आप्पा पेढ्यांचं ताट घेऊन उभे होते. अर्धी पेठ फाटकात जमली होती. एका वाक्याचं काम होतं. आप्पांचं तोंड उतरलं असतं, चार लोक हसले असते, आणि हा रोमला गेला असता.

"बांधताना राहून गेला," तो म्हणाला.

परीक्षकांनी नकाशे गुंडाळले. एक पेढा घेतला.

परतीच्या गाडीत मी त्याला नाही नाही ते बोललो. तो खिडकीतून बाहेर बघत होता. रहिमतपूर मागे पडल्यावर एवढंच म्हणाला, "अरे, आप्पांनी मला हवं तसं बांध म्हणून सांगितलं होतं." हे काय उत्तर झालं? मी आजही म्हणतो, तो मूर्खपणा होता. चांगुलपणाला इतकं भ्यायचं नसतं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

बक्षीस मुंबईच्या पोराला मिळालं. दुसऱ्या दिवशी खानावळीत हा हाताने भाकरी मोडायला लागला. मावशींनी काटा कुठे गेला म्हणून विचारलं नाही. ताटात तूप मात्र वाढलं.

सभागृहाच्या वास्तुशांतीला आप्पांनी त्याला शाल-नारळ दिला. पहिल्या खांबाच्या पायाशी संगमरवरी पाटी बसवून तिच्यावर त्याचं नाव कोरलं. फोटोत तो हसतो आहे. त्यानंतर गोठ्याच्या नकाशात कोपऱ्यातला खांब कधी दिसला नाही, आणि मालक म्हणाला, "आता कसा सुधारला!"

दोन वर्षांनी विषमज्वराने तो गेला. खबर द्यायला मी सांगलीला गेलो. आप्पा ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडले. त्यांच्यावर रागवावं म्हणून मी साताऱ्याहून तयारी करून आलो होतो. तेही जमलं नाही. मग डोळे पुसत ते मला सभागृहापाशी घेऊन गेले, खाली बसले आणि उपरण्याने पाटीवरची धूळ पुसू लागले.

मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. एक डोळा मिटला. चारही खांब मधोमध खंगलेले होते, लांबच्या दुखण्यातून उठलेल्या माणसासारखे.

"आवं, तकडं कुठं गेलासा?" आप्पांनी हाक मारली. "नाव हितं हाय. जवळ येऊन बघा."