अठरा विहिरींचं मशीन

पुण्याच्या त्या माणसाचा मला पहिल्या दिवशीच राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजूनही पुरता गेलेला नाही. चिखलीतल्या ज्या शिक्षणसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो, तिथे तो नवं सॉफ्टवेअर बसवायला सहा महिन्यांसाठी आला होता. आल्या आल्या त्यानं माझ्या खोलीच्या भिंतीवरचा तक्ता काढला, त्याची गुंडाळी केली आणि ती माझ्या हातात दिली. "अहो, हे आता लागणार नाही. यापुढे स्क्रीनवर, कन्सोलमध्ये दिसेल तेच खरं."

तो तक्ता मी अकरा वर्षं वाढवत आणला होता. आमच्या संस्थेचं कृषी महाविद्यालय आहे, इंजिनिअरिंग आहे, नर्सिंग आहे, दवाखाना आहे, आणि या सगळ्यांचा कारभार ग्रंथालयाच्या तळघरातल्या सहा सर्व्हरवर चालतो. एका मोठ्या वावरात धुरे घालून भावाभावांना वाटे करून द्यावेत, तसे एका सर्व्हरचे वाटे पाडता येतात. प्रत्येक वाट्याला वाटतं की आपण अख्खा कॉम्प्युटर आहोत. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. अशी साठ-पासष्ट मशीनं आमच्याकडे होती. कोणतं कुणाचं, त्याचा फोन नंबर काय, तो कुठे भेटतो आणि कशावरून चिडतो, हे सगळं माझ्या तक्त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

एकदा मी फोनवर "मले आता टाइम नाही" म्हणालो. दुपारी डबा खाताना त्यानं ते वाक्य माझ्याच चालीत सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. आमचे लोकही हसले. चिखलीत जन्मायचं, घरी बायकोला "मले भाकर वाढ" म्हणायचं आणि पुण्याचा माणूस हसला की आपणही हसायचं! त्या दिवसापासून मी त्याच्याशी कामापुरतं आणि पुस्तकी मराठीत बोलू लागलो. त्याला ते आवडलं असावं.

सॉफ्टवेअर मात्र देखणं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. चालू मशीन न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवता येत असे. दवाखान्यातली बाई केसपेपर टाइप करत असायची आणि तिच्या हाताखालचं मशीन जागा बदलून मोकळं व्हायचं. तिला पत्ताही लागत नसे. मला कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं म्हणून आणखी राग आला.

फेब्रुवारीअखेर त्या सॉफ्टवेअरनं एक यादी काढली. नव्वद दिवस ज्यांना कुणी हात लावला नाही अशी मशीनं त्यात होती. नियम असा की मालकाला मेल जाणार, पंधरा दिवस वाट पाहायची, उत्तर आलं नाही तर मशीन काढून टाकायचं. काढायला दोघांची मंजुरी लागे, एक त्याची आणि एक माझी.

आता आमच्याकडे मेल कोण वाचतो? आमच्याकडे काम असलं की माणूस उठून दारात येतो, "काय बे, हायेस का गेला?" असं विचारतो, चहा होतो, आणि मग कामाचं निघतं. मेल आली की लोक समजतात, बिनमहत्त्वाचं काहीतरी असेल, असतं तर फोन आला असता. हे मी त्याला पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उंटावरच्या शहाण्याला खालचा रस्ता मी का दाखवू?

यादीत नऊ मशीनं होती. आठ खरोखर मेलेली होती. नववं बाजींचं होतं.

बाजी म्हणजे कृषी महाविद्यालयाच्या माती-पाणी प्रयोगशाळेतल्या सहायक. त्या संग्रामपूर तालुक्यातल्या. वडील गवंडी, विहिरी बांधणारे. घरी त्यांना धाकटी भावंडं बाजी, म्हणजे ताई, म्हणत, आणि तेच नाव शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. तिथलं विहिरीचं पाणी इतकं खारट की डाळ शिजत नाही, आणि माणसांची मूत्रपिंडं जातात. त्यांचा भाऊ आठवड्यातून दोनदा डायलिसिसला खामगावला जातो. बाजी दर सुट्टीला गावी जायच्या आणि येताना बाटल्या भरून आणायच्या. गावातल्या अठरा विहिरी, वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. हे कुणी त्यांना सांगितलेलं काम नव्हतं. नऊ वर्षांच्या तीनशे चोवीस नोंदी त्या मशीनवर होत्या. मशीन मीच तयार करून दिलं होतं, तेव्हाच्या विभागप्रमुखांच्या नावानं. ते निवृत्त होऊन गेले आणि मेल त्यांच्या बंद पेटीत जाऊन पडली.

कागदाच्या वह्याही होत्या. दोन वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार म्हणून प्रयोगशाळा आवरायला काढली, तेव्हा बाजी मला विचारायला आल्या होत्या. मी म्हणालो, "द्या रद्दीत. मशीनवर हाये ना सगळं." त्यांनी दिल्या.

तर ते नववं नाव मी पाहिलं आणि ओळखलं. तोंड उघडलं नाही. माझा हिशेब सरळ होता. मशीन उडालं की बाजी दोन दिवसांत बोंबलत येतील, संस्थेचे सचिव पुणेकराला बोलावून झापतील, मग मी बॅकअपमधून अर्ध्या तासात मशीन परत उभं करीन आणि म्हणेन, तक्ता असता तर हे झालं नसतं. काढलेल्या मशीनचा बॅकअप तीस दिवस राहतो. मी 'मंजूर' दाबलं. दाबताना मला मजा वाटली, हे लिहायला लाज वाटते, पण वाटली.

बाजी आल्या नाहीत. दिवाळीनंतरच्या नोंदी टाकून झाल्या होत्या आणि उन्हाळ्याच्या व्हायच्या होत्या, मग त्या कशाला येतील? आठवडाभर मी रोज वाट पाहिली. त्यांना जाऊन विचारलं असतं तर सगळा खेळ बिघडला असता, म्हणून विचारलं नाही. पुढे ऑनलाइन परीक्षा सुरू झाल्या, इंजिनिअरिंगची मशीनं दर तासाला अडायला लागली आणि मी विसरलो. एवढंच. विसरलो.

मेच्या पहिल्या आठवड्यात बाजी दारात उभ्या. "भाऊ, माहं मशीन दिसून नाही राह्यलं. जरा पाहा ना. अर्जंट हाये." गोड्या पाण्याच्या नव्या पाइपलाइनसाठी गावांची यादी होत होती. त्यांच्या गावचं नाव काठावर होतं. पाणीपुरवठा कार्यालयानं सांगितलं होतं, आठ-दहा वर्षांच्या पाण्याच्या नोंदी आणा, पहिल्या टप्प्यात घेऊ. अशा नोंदी अख्ख्या तालुक्यात एकट्या बाजींकडे होत्या. दहा दिवसांची मुदत होती.

त्यांच्यासमोरच मी कन्सोल उघडलं, बॅकअपमध्ये शोधलं. 'नोंद आढळली नाही.' पुन्हा शोधलं. त्या माझ्या खांद्यामागून वाचत होत्या. "म्हंजे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "पुण्यावाल्यानं पुसलं." जीभ अडखळलीसुद्धा नाही.

सचिवांनी आम्हा दोघांना बोलावलं. पुणेकरानं सॉफ्टवेअरमधली नोंद छापून आणली होती. कोणी, कधी, काय दाबलं, सगळं त्यात असतं. त्यानं त्यातलं फक्त स्वतःचं नाव वाचलं आणि कागद घडी करून खिशात घातला. "प्रक्रिया माझी होती. मालकाला फोन करायला हवा होता, मी मेलवर भागवलं." सचिवांनी त्याला नाही नाही ते सुनावलं आणि त्याचा मुक्काम तिथेच संपवला. त्यानं मला वाचवलं होतं, आणि त्या उपकारानं मी त्याचा जास्तच द्वेष करू लागलो. 'मले' म्हणून माझी नक्कल करणारा माणूस माझ्याहून चांगला निघावा, हे मला सहन होत नव्हतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे लोक असतात. मी तर त्यासाठी बाजींचं नाक कापलं होतं.

मुदत गेली. गावचं नाव दुसऱ्या टप्प्यात ढकललं गेलं. दुसरा टप्पा कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग बाजी पुन्हा आल्या. डोळे सुजलेले होते. "गावात लोक म्हून राह्यले का हिच्याजोळ नोंदी नव्हत्याच. नऊ वर्षं बाटल्या नेल्या आन आमाले येड्यात काढलं. माह्या अब्बाच्या तोंडावर बोलून राह्यले. तुमी एकडाव चला भाऊ, आन सांगा काय झालं ते. तुमच्यावर भरोसा करतीन."

नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? खामगावला बस बदलून सकाळी अकराला आम्ही पोचलो. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर तीस-चाळीस माणसं जमली होती, बायाही होत्या. मला खुर्ची दिली. बाजींचे वडील समोरच खाली बसले होते, हात सिमेंटनं कायमचे फाटलेले.

मी समजावू लागलो. मशीन होतं, पण हात लावून दाखवता येईल असं नव्हतं, मोठ्या मशीनचा एक वाटा होता. लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, "म्हंजे नव्हतंच ना बे!" हशा झाला. बाजींनी मान खाली घातली.

म्हातारा हसला नाही. "सायब, म्या हयातभर विहिरी बांधल्या. विहीर बुजली तं खड्डा तरी दिसते. तुमच्या मशीनचा खड्डा बी नाही, मंग या लोकाइनं माह्या पोरीवर भरोसा काऊन ठेवावा? कोनं बुजवलं, तेवढं सांगा."

'पुण्याच्या माणसानं' हे उत्तर मी बसमध्ये घोकून आणलं होतं. घशापर्यंत आलंही. पण बाजी माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्या नजरेत खरोखरच भरवसा होता. मला तो पेलेना.

"नोंदी होत्या," मी म्हणालो. "सगळ्या होत्या. म्या सोता पाह्यल्या. पुसाले दोघाची मंजुरी लागते. एक पुण्यावाल्याची होती. दुसरी माही."

"तुमाले ठावं होतं, माह्यं हाये म्हून?" बाजींनी विचारलं.

"हो."

"मंग काऊन?"

"त्याची जिरवायची होती."

मला वाटलं, आता कुणीतरी उठून माझी गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. बाजी मान फिरवून बसल्या. ज्यानं हशा पिकवला होता तो माणूस उठून म्हाताऱ्याजवळ जाऊन बसला, त्याच्या खांद्याला खांदा लावून. बायांमधून कुणीतरी मला एक चांगलीच शिवी घातली. ती मी नीट ऐकली.

मी खुर्चीतून उठलो. तेव्हा म्हाताऱ्यानं हात वर केला.

"बसा. दुरून आले, तसे जाऊ नका." मग मागे वळून मुलीला म्हणाला, "पानी दे त्यायले. कॅनचं दे. आपलं त्यायले सोसनार नाही."

बाजी उठल्या. संग्रामपूरहून माझ्यासाठी मागवलेली कॅन कोपऱ्यात होती, सील न फोडलेली. त्यांनी ती फोडली, पेला भरला आणि माझ्या हातात दिला. सगळे बघत होते. मी प्यायलो. पाणी गोड होतं.