ठरावाआधीची डुलकी

मार्था हिवाळे स्टाफरूममधल्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या आहेत. झोपायचं नाही, नुसतं टेकायचं, असं त्या स्वतःला बजावतात. थोड्या वेळानं संचालक मंडळाची बैठक आहे. मिशनचं हे जुनं कॉलेज एका मोठ्या शिक्षणसंस्थेकडे सोपवायचं, असा ठराव येणार आहे. नॅकच्या तपासणीत कॉलेजची श्रेणी घसरली, आता दुसरा इलाज नाही, असं सगळे म्हणतात. मंडळावर प्राध्यापकांच्या प्रतिनिधी म्हणून मार्थाबाईंना मत आहे, आणि सकाळपासून जो तो त्यांना चहा पाजतोय. एकाही चहाची चव त्यांना धड लागलेली नाही.

पंख्याची घरघर लांब लांब जाते.

"हिवाळेबाई, झोपलात काय?"

समोर रणपिसे सर बसलेत. मिशनरी मायदेशी परतल्यावरचे कॉलेजचे पहिले मराठी प्राचार्य. बंद गळ्याचा कोट, तेल लावून चापून बसवलेले केस. त्यांच्या अंत्यविधीला मार्थाबाईंनीच गीत म्हटलं होतं. तरी सर इथे कसे, असं त्यांच्या मनात येत नाही. मनात वेगळंच येतं.

"सर, तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मला कोण पाठवणार?" सर हसतात. ते हसू मार्थाबाई चांगलं ओळखतात. असंच हसून सरांनी एकदा बैठकीत त्यांना हात वर करायला लावला होता. मुलींचं वसतिगृह दुरुस्तीपुरतं बंद ठेवू, म्हणाले होते. ते पुन्हा उघडलंच नाही.

"चला, बैठक सुरू झाली."

स्टाफरूमचं दार वसतिगृहाच्या भोजनगृहात उघडतं. आमटीचा वास दरवळतोय. नॅक समितीचे पाहुणे लांब टेबलांशी बसून वाटीतल्या आमटीला श्रेणी देतायत. त्यातले एक मान वर न करता विचारतात, "स्थापना कुणी केली?"

"एका मिशनरी बाईंनी," सर घडाघडा सांगतात. "दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींसाठी शाळा काढली. तिचंच पुढं कॉलेज झालं."

"मग मुली कुठायत?"

सर कोटाच्या बटणाशी चाळा करतात. टेबलांची बाकं झालेली आहेत आणि हे कॉलेजचं चॅपल आहे. वेदीपाशी संचालकांच्या खुर्च्या मांडल्यात. त्यांवर मुली बसल्यात, मांडीवर पत्र्याच्या ट्रंका घेऊन. वसतिगृह बंद पडलं तेव्हा शिकणं सोडून गावी गेलेल्या त्याच ह्या मुली. एकही मार्थाबाईंकडे बघून हसत नाही.

सर कानाशी वाकतात. "आज हात वर करू नका."

मार्थाबाई दचकतात. ह्या माणसानं हो म्हणायला सांगितलं असतं तर त्यांना नाही म्हणणं सोपं होतं.

"का?"

"कारण मागाहून सांगतो."

"तेव्हाही मागाहूनच सांगणार होतात. खरं बोला सर, दुरुस्ती करायचीच होती का?"

सर मुलींकडे बघतात. "नव्हती. मला तिथं प्रयोगशाळा हवी होती. श्रेणी वाढली असती."

"मग आज मी तुमचं का ऐकू?"

"नका ऐकू. पण बैठकीत विचारा, नव्या कारभारात अशा मुली राहणार कुठं?"

मार्थाबाई डोळे बारीक करतात. "नवी संस्था तुमच्या नावाचं सभागृह पाडणार आहे. त्यासाठी आलात ना?"

"त्यासाठीही आलो," सर म्हणतात.

कुणीतरी खाकरतं. "ठरावाला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत."

मार्थाबाईंचा हात आपोआप वर जाऊ लागतो. सर मनगट धरतात. त्यांची बोटं गार आहेत, पकड घट्ट आहे.

"सोडा सर!"

"मॅडम?" दारात वाणिज्य विभागाचे भांबळ उभे आहेत. खिडकीतून लख्ख ऊन आलंय. "सगळे जमलेत. हात वर करायचा नि सुटायचं, एवढंच काम आहे."

"मुलींच्या वसतिगृहाचं काय ठरलंय?"

भांबळ घड्याळ बघतात. "ते होईल हो सावकाश."

मार्थाबाई उठतात. उजव्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ आहेत, आतल्या बाजूला अंगठ्याचा. त्या चोळून बघतात. वळ जात नाहीत.

"आधी मला एक प्रश्न विचारायचाय," असं म्हणून, तो हात पदराखाली न घेता त्या बैठकीकडे चालू लागतात.