गुटीचं बोट

परवा भाचीच्या बाळासाठी कुणी सहाणेवर गुटी उगाळत होतं. वेखंडाचा वास आला आणि मी राहात्याजवळच्या सासरच्या पडवीत जाऊन पोचले.

लेक तेव्हा महिन्याची होती. मला आणि ह्यांना एचआयव्ही आहे, हे घरात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. दवाखान्यातल्या ताईंनी दोघांनाही बजावलं होतं: गोळ्या चुकवू नका, सहा महिने फक्त अंगावरचं पाजा. वरून दुसरं काही दिलंत, तर बाळाला लागण व्हायचा धोका वाढतो.

सासूबाई गुटीचं बोट लेकीच्या ओठांशी घेऊन आल्या. मी त्यांचा हात धरला.

"आमी चार पोरं वाढवली गुटीवर. ही बीए झाली म्हणून मला शिकवती व्हय?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. 'डॉक्टर नको म्हणालेत,' एवढं बोलले असते तरी पुरे होतं.

"तिला लई गर्व हाय शिक्षणाचा," हे म्हणाले. "दे तू, आई."

मी लेकीला उचललं आणि आत जाऊन कडी लावली.

लेक निगेटिव्ह निघाली. सासरी अजून माझ्या गर्वाचीच गोष्ट सांगतात. होताच मला गर्व. त्या दिवशी लेकीच्या बाजूनं त्या घरात दुसरं काही नव्हतं.