पाव्हणं आपलं हाय

बारावीचा निकाल लागला आणि मी वरवंडला पुणे-सोलापूर हायवेवरच्या एका हॉटेलात वेटर म्हणून लागलो. साल असेल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. गाव माझं भीमेपलीकडचं, वडगाव रासाई... त्यामुळे राहणं-जेवण हॉटेलातच.

पहिल्याच दिवशी दत्ता नावाच्या जुन्या वेटरने किचनच्या खिडकीतून आत ऑर्डर ओरडली, "दोन मटण, पाव्हणं आपलं हाय." मला ते फारच आवडलं. गिऱ्हाइकाला आपलं म्हणायची काय गोड पद्धत आहे...

मग काय, मीही सुरू. सोलापूरचा ट्रकवाला असो नाहीतर पुण्याची फॅमिली, माझी प्रत्येक ऑर्डर 'पाव्हणं आपलं हाय' म्हणूनच संपायची. गिऱ्हाईक खूश, गल्ल्यावरचे शेठ खूश. पुढच्या खेपेला लोक माझंच टेबल मागायला लागले आणि माझे पाय काही जमिनीवर राहिनात.

आतली मंडळी मात्र गप्प गप्प व्हायला लागली. दुपारची गर्दी ओसरली की सगळा स्टाफ मागच्या शेडमध्ये जेवायला बसायचा. मी ताट घेऊन गेलो की गप्पा बंद... आणि बसायला जागा कुठेच नसायची. मग मी आपला पाण्याच्या टाकीपाशी एकटा. घर सोडून पहिल्यांदाच राहत होतो. रोज वाटायचं, पिशवी उचलावी आणि सरळ गावाकडची एसटी धरावी.

शेवटी दत्ताच एकदा तडकला. "तुजं समदंच पाव्हणं कसं काय रं? आमी काय नुसता रस्सा भुरकायचा व्हय?"

तेव्हा उलगडा झाला. 'पाव्हणं आपलं' म्हणजे आपल्यातल्या कोणाचा तरी मामा, मेहुणा, गाववाला आलाय, त्याला दोन फोडी जास्त घाला. आणि त्या फोडी यायच्या स्टाफसाठी बाजूला काढलेल्या पातेल्यातून. वेटरचा शब्द मोडायचा नाही हा आमच्या आचारी आप्पांचा नियम, म्हणून ते बिचारे मुकाट घालत राहिले. आणि मी अख्ख्या सोलापूर रोडचा पाहुणचार करत सुटलो होतो...

मी कान पकडले. तो शब्द तोंडातून कायमचा काढून टाकला. पण शेडमध्ये जागा काही झाली नाही. पोरगं चार दिवस गप्प बसेल आणि पुन्हा सुरू होईल, असंच सगळे धरून चालले होते.

अशात एका दुपारी वडील आले. जवळच चौफुल्याला काम होतं म्हणाले, पण मला माहीत होतं, त्यांना पोरगं काय करतंय ते बघायचं होतं. वडील माळकरी. अशा हॉटेलात पाण्याशिवाय काही घेणारे नव्हेत, पण सकाळपासून उपाशी दिसले.

मी खिडकीपाशी जाऊन हळूच म्हणालो, "आप्पा, एक पिठलं-भाकरी जमंल का? वेगळ्या कढईत..."

आप्पांनी वाकून बाहेर बघितलं. "कोण हाय?"

"वडील हायती."

"मंग वरडला का न्हाईस? येरवी तर लई बोंबलायचास."

"तुमच्या समद्यांचं कमी पडंल..." मी म्हणालो.

आप्पा हसायलाच लागले. "आरं येड्या, माळकऱ्याला काय मटणाच्या फोडी घालू?"

मग मात्र गंमत सुरू झाली. आप्पांनी हात स्वच्छ धुतले, कढई राखेने घासून घेतली आणि पिठलं स्वतः हाटलं. भाकऱ्या करणाऱ्या शेवंतामावशींनी गरम भाकरीवर स्वतःच्या डब्यातलं लोणी ठेवलं. कोणी ठेचा आणला, कोणी दही. दत्ता तर बुक्कीने कांदा फोडतच टेबलाशी आला आणि "घ्या मामा" म्हणून शेजारी उभा राहिला.

वडिलांना एवढं पोटभर जेवताना मी फार कमी वेळा पाहिलंय. निघताना ते आप्पांपुढे हात जोडून म्हणाले, "पोरगं जरा बडबडं हाय, सांबाळून घ्या."

"आता इचारून बोलाया लागलंय," आप्पा म्हणाले.

त्यानंतर मी ताट घेऊन शेडमध्ये गेलो. दत्ता कसली तरी गोष्ट रंगवून सांगत होता. त्याने गोष्ट थांबवली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही... नुसता बोलता बोलता बाजूला सरकला. मी तिथे बसलो. इतका आनंद झाला होता की काय जेवलो ते आजही आठवत नाही.

पुढे बऱ्याच हॉटेलांत कामं केली. नव्या पोरांना मी एवढंच सांगतो, आधी चार दिवस कान उघडे ठेवा, तिथले शब्द समजून घ्या, मग तोंड उघडा. पण खरं सांगू... नव्या ठिकाणी आपली जागा आपल्याला करता येत नाही. त्यासाठी कोणाला तरी सरकावं लागतं.