उंधियूचा डबा

उंधियूचा वास आला की बडोद्यातली ती उत्तरायण, पतंगांची संक्रांत, आठवते. त्सुनामीला तीन आठवडेही झाले नव्हते. शेजारच्या तमिळ काकांची बहीण तिकडच्या किनाऱ्यावरून बेपत्ता होती. त्यांचं मन रमेल म्हणून मीच त्यांना गच्चीवर बोलावलं आणि माझी फिरकी धरायला दिली. कडक ऊन, कर्कश पिपाण्या, हाताला मांजाचा चिकटपणा. लागोपाठ तीन पतंग कापले आणि मी बेभान होऊन ओरडलो, "काप्यो छे! सुनामी आली रे, सुनामी!" सगळी गच्ची हसली. काकांनी उरलेला दोरा नीट गुंडाळला, फिरकी माझ्या पायाशी ठेवली आणि ते जिना उतरून गेले. माफी मागायची सोडून मी त्यांच्याकडे उंधियूचा डबा पाठवला. संध्याकाळी तो घासूनपुसून परत आला. रिकामा देऊ नये म्हणून आत मूठभर साखर होती. ती आम्ही चहात वापरली. माफी मी आजतागायत मागितलेली नाही.