मागे बसलेली बाई

“ती विडी वळणारी बाई घाबरून मागे बसली,” असे भवानी पेठेतले शहाणे सांगतात. साफ खोटे! विडी कारखान्यासमोरच माझे घर आहे. मी रोज पाहत होतो. तपासनीस चांगल्या विड्या खराब ठरवून फेकून देई, तेव्हा एकटी तीच भांडत असे. एके दिवशी मात्र ती मुद्दाम मागे बसली आणि जिच्या विड्या फेकल्या होत्या त्या पुढच्या मुकाट बाईला पाठीत ढोसून म्हणाली, “विड्या तुज्या हायत, तूच बोल की! मी मेल्यावर तू गपच बसणार व्हय?” ती पुढची बाई अडखळत बोलली, हिने ओठ घट्ट मिटून ठेवले. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी एवढेच ऐकावे: पुढे ही दुधनीला लेकीकडे गेली असताना कारखान्यातल्या त्याच मुकाट बायकांनी तपासनिसाला फेकलेल्या विड्या स्वतःच्या हातांनी उचलायला लावल्या.